अकरावा फोरहँड

९ जानेवारी

भिंगरी,

पाकिटावरचं अक्षर तू ओळखलंच असशील. तरी उघडलंस, बरं वाटलं. फेकून देण्याआधी एवढं वाच: कोणी गेलेलं नाही, कोणी अंथरुणाला नव्याने खिळलेलं नाही, आणि तुला घरी बोलावण्यासाठी हे पत्र नाही. पत्ता आत्याने दिला. तिच्याकडे तुझा नंबरही आहे, पण फोनवर तू "बरं, बरं" म्हणून ठेवून देशील. शिवाय या घरात फोनवर बोललेलं सगळं बाबांना ऐकू जातं. पक्षाघाताच्या झटक्यात त्यांचा उजवा हात गेला, उजवा पाय निम्मा गेला, जिभेने दगा दिला, पण कान जसेच्या तसे शाबूत आहेत.

कारण ऐकशील तर हसशील. गेले काही आठवडे मी रोज दुपारी तुझ्याकडे बघत बसते. एवढं बघायचं आणि ओळखही द्यायची नाही, हे मला विचित्र वाटायला लागलं.

झालंय असं की बाबा पुस्तक लिहितायत. म्हणजे ते बोलतात आणि मी लिहिते. आणि बोलतात म्हणजे एकेक शब्द काढेपर्यंत कपातला चहा निवतो, मग उरलेलं वाक्य मीच ओळखून पुरं करते. विषय एकच, दुसरा कुठला असणार? फोरहँड. बारा व्यावसायिक टेनिसपटूंचे फोरहँड शेजारी शेजारी ठेवायचे, सामन्यांच्या चित्रफिती संथ गतीने लावायच्या, दर क्षणाला थांबवायच्या आणि तुलना करायची. पकड कशी आहे, खांदा किती वळतो, कोपर अंगापासून किती दूर, चेंडू शरीराच्या किती पुढे भेटतो, फटका कुठे जाऊन संपतो. नावं घालायची नाहीत. नाव वाचलं की माणूस भारावतो आणि हाताकडे बघत नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणून सगळे आकड्यांनी. मी मात्र मनातल्या मनात टोपणनावं ठेवलीत. क्रमांक दोन म्हणजे लोहार. क्रमांक पाच पडदेवाली. सकाळी उठून पडदा एका झटक्यात ओढावा तशी ती मारते. क्रमांक सात चाबूक. फटका मारून झाला की तो रॅकेट स्वतःच्याच डोक्यावरून गरगर फिरवतो, आणि बाबा दर वेळी डोळे मिटून घेतात, जणू घरात काही अश्लील लागलंय.

क्रमांक अकरा तू आहेस.

दहा झाल्यावर मी विचारलं, "पुढचा कोणाचा?" ते खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "ति... तिचा."

"कोणाचा, बाबा?" मला कळलं होतं, पण त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं.

त्यांनी डावा हात खुर्चीवर आपटला. "ति-चा. लाव."

तू बाबांचं शिकवणं सोडून त्या दुसऱ्या कोचबरोबर गेलीस त्याला आठ वर्षं झाली. तेव्हापासून तुझा उल्लेख या घरात पहिल्यांदाच झाला, आणि तोही सर्वनामात.

माझं छान चाललंय. सकाळ-संध्याकाळ मुलांना शिकवते, दुपारी पुस्तक. मला इथे काही कमी नाही. उत्तर दिलंच पाहिजेस असं नाही. दिलंस तर घराच्या पत्त्यावर नको, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाच्या पत्त्यावर पाठव. दुकानवाल्या बाईंना सांगून ठेवलंय.

ताई


२ फेब्रुवारी

भिंगरी,

कार्ड मिळालं. दोन ओळी, एकीत तिकडची थंडी आणि दुसरीत "पुस्तकात माझं नाव घालू नका". नाही घालत, बाई. तू आकडा आहेस. दुकानवाल्या बाईंनी कार्ड उलटसुलट करून वाचलेलं होतंच. "परदेशचं तिकीट दिसतंय. कोण गं?" मी म्हटलं, "धाकटी बहीण." "अगंबाई, तुला बहीण आहे?" मी त्यांच्याकडून किती वर्षं साबण आणि चहापत्ती नेतेय, आणि एकदाही तसं बोलणं निघालं नाही बघ.

तू विचारलं नाहीस, तरी इथलं सांगते. क्लबच्या कचेरीवरच्या त्याच तीन खोल्या. आपली दोघींची खोली आता बाबांची, कारण कोर्ट नंबर दोनवर उघडणारी मोठी खिडकी तिथेच आहे. मी बाहेर सोफ्यावर झोपते. जिना वळणाचा आणि अरुंद असल्यामुळे चाकांची खुर्ची खाली उतरत नाही, म्हणून बाबा खाली येत नाहीत. आणि मी खाली जाते ती थेट त्यांच्या खिडकीसमोर.

काही लागलं तर हाक मारता यावी म्हणून त्यांच्या फिजिओने खुर्चीच्या हाताला सायकलची घंटी बसवून दिली. बिचाऱ्याचा हेतू चांगला होता. आता मी खाली शिकवत असते आणि वरून ट्रिंग. कोणाचं कोपर अंगाला चिकटलं, ट्रिंग. कोणी जाळीकडे तोंड करूनच मारलं, ट्रिंग. मुलं हुशार आहेत, घंटी वाजली की माझ्याकडे बघतात, वर कोणी बघत नाही. परवा एका लहान मुलीने जाळीकडे सरळ तोंड करून इतका सुरेख फोरहँड मारला की माझ्या तोंडून "वा!" निघालं. ट्रिंग. मुलगी म्हणाली, "सरांनाही आवडला?" मी म्हटलं, "हो तर!" ट्रिंग, ट्रिंग, ट्रिंग.

हसून घे. मीही हसते. फक्त कधीकधी किराणा घ्यायला जाते तेव्हा साबण निवडायला उगाच वेळ लावते, कारण ते दुकान खिडकीतून दिसत नाही.

पुस्तकाचं काम पुढे सरकतंय आणि अडकलंयही. बाबांचे नियम तुला पाठ असतील: हस्तांदोलन करावं तशी पकड, जाळीकडे खांदा, पुढचं पाऊल चेंडूकडे, आणि फटका डाव्या खांद्यावर शांतपणे नेऊन ठेवायचा. तर या बारा जणांत तसं मारणारा एकही नाही. कोणाची पकड तुझ्यासारखी, जमिनीवरचा तवा उचलावा तशी खालून. कोणी दोन्ही पाय जाळीकडे करून उभा. लोहाराचा हात तर फटक्याच्या क्षणी काठीसारखा सरळ असतो, आणि चेंडू असा सुटतो की समोरच्याने नुसतं बघत राहावं. मी एकदा धीर करून म्हटलं, "बाबा, बाराही जण चूक असतील तर..."

"तर," ते म्हणाले, "बा-राही... चूक."

मग बरोबर कोण? ते शेवटच्या प्रकरणात. काल त्यांनी मला कपाटातून एक पाकीट काढायला लावलं. आत आठ फोटो, एका फटक्याचे, क्रमाने. मी एकवीस वर्षांची. पांढरा स्कर्ट, घट्ट वेणी, डोळे चेंडूवर. खाली मथळा मीच लिहिला, त्यांनी सांगितला तसा: "आदर्श फोरहँड." जगात पैसे घेऊन टेनिस खेळणारे सगळे चुकतात आणि एकटी मी बरोबर मारते. मी, जी जन्मात तीन फायनल खेळली आणि तिन्ही हरली. आधी मला हसू आलं. मग आलं नाही.

ताई


१७ मार्च

भिंगरी,

मनगट दुखतंय का? मला खरं सांग.

मी तुझे मागच्या उन्हाळ्यातले आणि या महिन्यातले फोरहँड शेजारी शेजारी लावून बघितले. आधी रॅकेटचं डोकं मागे मस्त लोंबायचं, मनगट पुरतं मागे मोडायचं आणि मग सुटायचं. आता ते निम्म्यावरच सुटतं. फटका संपायच्या आत तुझा डावा हात रॅकेट झेलायला धावतो. दोन गुणांच्या मध्ये टॉवेल तू डाव्या हाताने मागतेस. लोकांना वाटत असेल तू फटका आटोपशीर केलास. तो समालोचकही परवा "परिपक्वता" म्हणाला. मला ती परिपक्वता वाटली नाही. जिना उतरताना दुखऱ्या गुडघ्यावर भार न देणारी आत्या मला आठवली.

मी हे बाबांना बोलले नव्हते. त्या दुपारी त्यांनी तुझा एकच फटका पुन्हा पुन्हा लावायला सांगितला. "मागे." मी मागे घेतला. "पुन्हा." पुन्हा लावला. मला वाटलं चुका वेचतायत, मी पेन घेऊन तयार. मग म्हणाले, "दु..."

"दुसरा लावू?"

मान हलवली. "दुख-तंय," म्हणाले. "ति-ला."

"हे लिहू?"

"न-को."

पुस्तक सुरू झाल्यापासून त्यांनी पहिल्यांदा काही लिहू नको म्हटलं. तुला आठवतं ना, तू निघालीस तेव्हा ते जिन्याच्या वरच्या पायरीवरून काय ओरडले होते? "या पकडीने तिशीच्या आत मनगट जाईल तुझं!" मी तुझी बॅग धरून मधल्या पायरीवर उभी होते, वर बघू की खाली, मला कळत नव्हतं. आता त्यांच्या हातात अख्खं प्रकरण होतं ते वाक्य खरं करून दाखवायला. तरी नको म्हणाले. डॉक्टरकडे जा, भिंगरी. बाबांचं कौतुक म्हणून हे सांगत नाहीये. त्यांनाही दिसलं, म्हणजे माझा भास नव्हता, म्हणून सांगतेय.

बाकी एक किरकोळ गोष्ट. ती उंच मुलगी आठवते, जिच्याशी मी शेवटची फायनल हरले? परवा क्लबवर आली होती. आता चांगली बाई झालीय, चष्मा लागलाय. इथून सहा तासांवर मुलींचं प्रशिक्षण केंद्र चालवते. बाकावर बसून माझा वर्ग बघितला. वरून घंटी वाजली, तेव्हा मी त्या लहान मुलीच्या कानात हळूच म्हटलं, "तसाच मार." तेवढं नेमकं बाकावरून तिने ऐकलं. जाताना म्हणाली, "माझ्याकडे ये. राहायला खोली आहे, पगार आहे, मुली आहेत. तुला तिथे हळू बोलावं लागणार नाही." मी हसण्यावारी नेलं. नंतर नकार कळवूनही टाकला. बाबांना सोडून कुठे जाणार? तुला आपली गंमत म्हणून सांगितली.

ताई


२९ एप्रिल

भिंगरी,

काल आम्ही दोघांनी बघितलं.

दुसऱ्या सेटमध्ये तू तो फोरहँड रेषेलगत मारलास, चेंडू आत पडला, लोक टाळ्या वाजवत होते आणि तुझ्या हातातून रॅकेट सुटली. तू गुडघ्यांवर बसलीस, मनगट पोटाशी धरून. समालोचक आधी म्हणाला, काय अप्रतिम फटका. मग गप्प झाला.

मी बाबांकडे बघितलं नाही. मला भीती वाटत होती की ते म्हणतील, "मी सांगितलं होतं." शेवटी बघितलं. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं होतं. संध्याकाळी फिजिओ आला तर व्यायाम केला नाही. जेवले नाहीत. आत्याचा फोन आला, ती नुसती रडत होती. मी तुला किती वेळा फोन लावला. तू उचलला नाहीस. बरोबरच आहे, उचलून तू तरी काय बोलणार होतीस?

आज सकाळी घंटी वाजली. गेले तर म्हणाले, "लि-ही."

मी वही उघडली. "कुठलं प्रकरण?"

"प-त्र. ति-ला."

मी वही मिटली. "बाबा, तुम्हाला कसं..."

"दु-कान-वाली," म्हणाले. ऐक आता. मी बाहेर गेले असताना त्या बाई खालून मोठ्याने विचारत होत्या म्हणे, "सर, धाकटीचं कार्ड पोचलं का हो?" म्हणजे फेब्रुवारीपासून त्यांना सगळं ठाऊक आहे. मी पत्र पदराखाली लपवल्यासारखी नेत होते आणि ते खिडकीतून बघत होते. एकदाही घंटी वाजवली नाही.

तर त्यांचा निरोप असा: "ये म्हणावं. मी नीट करतो."

मी विचारलं, "मनगट?"

"फोर-हँड," म्हणाले.

निरोप पोचवला. आता माझा निरोप ऐक. येऊ नकोस.

कारण लिहायला मला जड जातंय. काल तू तिथे गुडघ्यांवर बसलेली होतीस, अजून कोणी धावत तुझ्यापर्यंत पोचलंही नव्हतं, आणि माझ्या मनात येऊन गेलं: आता ही घरी येईल आणि मी सुटेन. तुझी शपथ, एवढ्या स्पष्ट शब्दांत आलं. त्यानंतर मग मला रडू आलं. क्रम असा होता. म्हणून मला माझाच भरवसा वाटत नाही, आणि म्हणून तुला आधीच सांगून टाकते. तू आलीस की ते तुला खुर्चीसमोर उभी करतील. डाव्या हाताने तुझा खांदा वळवतील. तू बरी होत असशील, थकलेली असशील, आणि ते म्हणतात तसं करणं सोपं वाटेल. मला वाटायचं तसंच. वर्षभरात तू माझ्यासारखा देखणा फोरहँड मारायला लागशील आणि खालच्या मुलांना शिकवशील. मी हे घर आतून ओळखते. इथे कोणी कडी लावत नाही. प्रत्येक जण फक्त विचारतो, "लगेच येशील ना?"

तिकडेच बरी हो.

ताई


२० मे

भिंगरी,

तुझं पत्र. डाव्या हाताने लिहिलेलं, बालवाडीतल्या अक्षरात, पण चार पानं! दुकानवाल्या बाईंनाही वाचता आलं नाही, एवढंच त्यातलं सुख.

शस्त्रक्रिया नीट झाली हे वाचून आधी खाली बसले. पकडीमुळे झालं की दुखत असताना खेळत राहिल्यामुळे, हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही, हे बाबांना वाचून दाखवलं. ते "हं" म्हणाले. कुठल्या बाजूचा "हं" ते कळलं नाही.

आणि मग तिसरं पान. "ताई, बारा आठवडे मला रॅकेटला हात लावायचा नाही. कोणी माझा फोरहँड बदलायचा म्हटलं तरी आत्ता माझ्याकडे फोरहँडच नाहीये. यापेक्षा सुरक्षित वेळ मला कधी मिळणार? मी येतेय. तू जा. आणि नकार कळवला म्हणालीस ते मला पटलेलं नाही. कळवला असतास तर मला सांगितलंच नसतंस."

नव्हता कळवला. त्या उंच मुलीला मी दर आठवड्याला "अजून थोडे दिवस दे" असं सांगत होते आणि ती देत होती. तुझं पत्र वाचून त्याच दुकानातून तिला फोन केला, साबणाच्या फळीजवळ उभं राहून. म्हटलं, येते. ती म्हणाली, "बरं झालं. मी उद्या दुसरीला विचारणार होते."

मग बाबांना सांगायचं राहिलं. दोन दिवस जमलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी लॅपटॉप बंद केला आणि म्हटलं, "बाबा, मी जातेय. मुलींना शिकवायला. सहा तासांवर."

"किती... दि-वस?"

"नोकरी आहे, बाबा. दिवस मोजून नाही."

ते खिडकीबाहेर बघत बसले. खाली कोर्ट रिकामं होतं, कोणीतरी पाणी मारून गेलं होतं. मग म्हणाले, "पुस्तक?"

"पुस्तक झालंय. फक्त शेवटचं प्रकरण मला काढायचंय. माझे फोटो."

"का?"

आणि मी बोलले, भिंगरी. मी कधी बोलत नाही, तुला माहीत आहे. म्हटलं, "मी हरले, बाबा. तिन्ही वेळा. याच फोरहँडने. समोरच्या मुली चेंडू खांद्याएवढा उसळवायच्या आणि मला तो या पकडीने मारताच यायचा नाही. तुम्ही बाकावर बसून बघत होतात. तुम्हाला दिसत नव्हतं?"

"दि-सत... होतं."

"मग?"

त्यांना फार वेळ लागला. ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. मी नेहमीसारखा तो पुरवला नाही, कारण कुठला पुरवायचा तेच मला ठाऊक नव्हतं. शेवटी आला.

"सुं-दर... होता."

मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले. इतकी वर्षं मला वाटत आलं की पद्धत बरोबर होती आणि मी कमी पडले. रोज भिंतीवर दोनशे फटके मारायचे, का, तर मी कमी पडते. आणि त्यांना सगळं दिसत होतं. मी जिंकणार नाही हे दिसत होतं, आणि तरी ते मला तसंच मारायला लावत राहिले, कारण त्यांना बघायला आवडायचं. मला संताप यायला हवा होता. आला, पण थोड्या वेळाने. आधी जे वाटलं ते सांगायला लाज वाटते. बरं वाटलं. कोणीतरी आपल्याला सुंदर म्हटलं, म्हणून.

नळ बंद करून बाहेर आले. विचारलं, "अकरावं प्रकरणही काढू? ती येतेय."

त्यांचा चेहरा असा उजळला की मी असला चेहरा झटक्याच्या आधीपासून बघितला नव्हता. "न-को! वा-चू दे... ति-ला. भां-डू दे."

बघ. मी उभ्या आयुष्यात त्यांच्याशी भांडले नाही, म्हणून मी त्यांच्याजवळ राहिले असं मला वाटायचं. त्यांना भांडणारी हवी होती. मला थोडं लागलं ते. पण खरं आहे, तुला कळलेलं बरं.

एक गोष्ट मात्र आत्ताच ठरवून टाकू. तुझं मनगट बरं झालं की तू जायचंस, आणि त्यासाठी मी परत यायचं नाही. आत्या म्हणते तिच्या शेजारची तळमजल्याची जागा रिकामी होतेय, दिवसभर सांभाळायला बाईही मिळेल. बाबा म्हणतात, खिडकीतून कोर्ट दिसत नसेल तर येणार नाही. तुझ्याकडे तीन महिने आहेत. भांड.

ताई


११ जून

भिंगरी,

हे पत्र टपालात टाकत नाही, स्वयंपाकघरातल्या टेबलावर साखरेच्या डब्याखाली ठेवतेय. आपलं ठरलं होतं की मी उद्या सकाळपर्यंत थांबायचं, एक रात्र दोघींनी मिळून राहायचं. थांबत नाहीये. दुपारच्या बसने निघतेय. रागावू नकोस. तू दारात दिसलीस, हात गळ्यात बांधलेला, तर मी तुझी बॅग उचलेन, चहा टाकेन, तुझे केस विंचरून देईन, आणि मग उद्या म्हणेन, आठवडाभर थांबते. मला ओळखते मी. तू रात्री पोचेपर्यंत आत्या बसेल त्यांच्याजवळ.

सकाळच्या गोळ्या निळ्या डबीत, रात्रीच्या पांढऱ्या. पाणी चमच्याने, घाई करू नकोस, ठसका लागतो. फिजिओ एक दिवसाआड येतो. बाबा त्याला चुकवायला झोपेचं सोंग घेतात, त्याला फसू नकोस. तुझं अंथरूण सोफ्यावर घातलंय, कपाटातला वरचा खण रिकामा केलाय. मुलांचे वर्ग क्लबने सुट्टी संपेपर्यंत बंद ठेवलेत. फक्त ती लहान मुलगी रोज येऊन भिंतीवर मारत असते. तिला काही सांगू नकोस. मारू दे.

आणि त्यांची वाक्यं पुरी करू नकोस. मी करत आले. सवयच लागली, त्यांनी "दु" म्हटलं की मी "दूध" म्हणायचे, आणि ते कंटाळून मान डोलवायचे. मला वाटायचं मी त्यांचे कष्ट वाचवतेय. किती दुधं त्यांनी नको असताना प्यायली असतील देव जाणे. तू थांबत जा. शब्द येतो. वेळाने येतो, पण त्यांचा असतो.

आज सकाळी त्यांनी दाढी करून मागितली. मी म्हटलं, "आज सोमवार नाही, बाबा." तरी मागितली. मग तो राखाडी शर्ट. मी विचारलं, "भिंगरीसाठी का?" तर म्हणाले, "गर-मी." राखाडी शर्ट लांब बाह्यांचा आहे. ते तुझी वाट बघतायत, पण तसं म्हणायचे नाहीत. तू आत शिरलीस की काही क्षण तुझ्याकडे बघणारही नाहीत. पहिल्यांदा तू बोल. काहीही बोल, उलट बोललीस तरी चालेल.

मघाशी मी त्यांचा निरोप घेतला. मला वाटत होतं रडतील, किंवा मी रडेन. त्यांनी माझा हात धरला, डाव्या हाताने, आणि म्हणाले, "प..."

माझ्या ओठांवर "पाणी" आलं होतं. गिळलं. उभी राहिले. बॅग हातात, बसची वेळ होत आलेली, आत्या दारातून खुणा करतेय, आणि मी उभी.

"प-त्ता," ते म्हणाले.

"माझा? कशाला, बाबा?"

पुन्हा तेवढाच वेळ. मी घड्याळाकडे बघितलं नाही.

"वि-चा-रायला," म्हणाले. "पोच-लीस... का."

पत्ता टीव्हीच्या शेजारी चिकटवलाय, मोठ्या अक्षरात. ते सांगतील तेव्हा तू लिही त्यांच्यासाठी, डाव्या हाताने का होईना. आज मात्र विचारलं तर लिहीत बसू नकोस. या शेवटच्या ओळींपुरती मी पुन्हा याच टेबलाशी टेकलेय, पण तू हे वाचशील तेव्हा तिथे उतरलेली असेन. त्यांना आत जाऊन एवढंच सांग: पोचली.

ताई